टाके सुकल्यावरचं दुखणं

शैला, जखम भरली की दुखणं संपलं, हा हिशेब छातीच्या ऑपरेशनला लागू पडत नाही. टाके निघाले, छातीत घातलेल्या नळीचं भोक बुजलं, एक्स-रे चांगला आला, सर्जन "सगळं छान आहे" म्हणाले, आणि तरी उजव्या कुशीत आग होते, स्तनाखाली सणक येते, ब्लाउजचं कापड लागलेलंही सोसत नाही. परवा फोनवर तू विचारलंस, "माझंच काही चुकतंय का गं, आत्या?" तुझं काहीही चुकत नाहीये. माझी उमेदीची सगळी वर्षं छातीच्या ऑपरेशनच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली. तिथे जे पाहिलं आणि तिथल्या पेशंटांनी मला जे शिकवलं, ते तुझ्यासाठी लिहून काढते. जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी हे दुखणं येतं कुठून ते समजून घे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते. तिच्यातून रक्तवाहिन्या आणि संवेदना वाहून नेणारी नस शेजारी शेजारी जातात. फुप्फुसाचा रोगट भाग काढायचा तर सर्जनला दोन बरगड्यांमधून वाट करावी लागते, बहुतेक वेळा पाचव्या फटीतून. खांद्याच्या फऱ्याखालून पुढे आलेला तुझा चिरा आहे ना, त्याच्याखाली पाठीचा मोठा स्नायू कापलेला असतो आणि बरगड्या स्टीलच्या रिट्रॅक्टरने फाकवून धरलेल्या असतात. ऑपरेशन चालू असेपर्यंत ती नस दाबली जाते, ताणली जाते. बरगड्या पुन्हा जवळ आणताना घातलेले टाके तिला घासू शकतात, खालून घातलेली नळीही तिला डिवचते. अशी दुखावलेली नस कातडी भरली तरी लगेच शांत होत नाही. बेलचं बटण आत अडकून बसावं आणि दारात कुणी नसताना घंटा वाजत राहावी, तसं तिचं होतं.

ही नस मणक्यापासून निघून बरगडीबरोबर वळत पुढे छातीपर्यंत येते, खालच्या बरगड्यांच्या नसा तर पोटापर्यंत जातात. म्हणून चिरा पाठीत आणि दुखणं पुढे स्तनाखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात, असं होतं. कितीजण मग गॅसच्या गोळ्या खात बसतात. काहींच्या पोटाची ऑपरेशनकडची बाजू किंचित फुगलेली दिसते, कारण तिथल्या स्नायूंना त्याच नसेकडून बळ मिळत असतं. तुला असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखव. तो दर वेळी हर्निया असतोच असं नाही.

हे दुखणं आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात छातीला जखमा झालेल्या सैनिकांवर ऑपरेशनं झाली, तेव्हा अमेरिकी लष्कराच्या सर्जननी 1944 मध्येच लिहून ठेवलं होतं की जखम भरल्यावरही यांच्या बरगड्यांमधून कळा येत राहतात. आता तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत, ऑपरेशननंतर 3 महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला आजार म्हणून स्वतंत्र जागा आहे. 2014 मध्ये बऱ्याच पाहण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर 3 महिन्यांनी 57 टक्के आणि 6 महिन्यांनी 47 टक्के लोकांना काही ना काही दुखत होतं. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं सौम्य असतं. झोप आणि काम बिघडवण्याइतकं दुखणारे त्या मानाने थोडे. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात त्रास कमी होतो, पण तिथेही नळी दोन बरगड्यांमधूनच जाते, म्हणून तो अजिबात होत नाही असं नाही. शेजारच्या बाईचं दुर्बिणीचं झालं आणि ती महिन्यात कामाला लागली, यावरून स्वतःला तोलू नकोस.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा सांगावा. सोसू नकोस. आपल्या घरातल्या बायकांना सोसण्याचं भारी कौतुक. तुझी आजी दाढ दुखत असतानाही पंगत वाढायची, आणि त्याची गोष्ट आपण अजून अभिमानाने सांगतो. कॅन्सर निघाला, जीव वाचला, मग एवढ्या दुखण्याचं काय सांगायचं, असं तुला वाटतं ना? वॉर्डातल्या निम्म्या बायकांना असंच वाटायचं. "डॉक्टर एवढे मोठे, त्यांचा वेळ कशाला घ्यायचा" म्हणून त्या राउंडला "बरं आहे" म्हणायच्या आणि राउंड पुढे गेला की उशीत तोंड खुपसायच्या. नसेचं दुखणं जितकं जास्त दिवस रेंगाळतं, तितकं ते अंगात मुरतं आणि मग औषधाला दाद द्यायला वेळ लावतं. लवकर सांगण्यात तुझा फायदा आहे, आणि ऐकणं हे डॉक्टरांचं कामच आहे.

पण नुसतं "दुखतंय" म्हणू नकोस. ओपीडीत तुला पाच-सात मिनिटं मिळणार, त्यात नेमकं सांगितलंस तर औषध नेमकं मिळेल. घरून एक कागद लिहून ने. दुखणं कसं आहे ते लिही: आग होते, विजेचा झटका बसल्यासारखी चमक येते, मुंग्या येतात, सुया टोचतात, का नुसता ठणका आहे, का पट्टा आवळून बांधल्यासारखं वाटतं? आग, चमक, मुंग्या, सुया ही नसेची भाषा आहे. दाबलं की किंवा हात उचलला की होणारा ठणका बऱ्याचदा स्नायूचा किंवा सांध्याचा असतो. दोन्हींची औषधं वेगळी, आणि तुझ्यासारख्या पुष्कळांना दोन्ही एकदम असतात. कशाने वाढतं तेही लिही: एसीचा वारा, खोकला, कूस बदलणं, कापडाचा स्पर्श. मग 0 ते 10 मध्ये आकडा दे, 0 म्हणजे काहीच नाही आणि 10 म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आकडा एकच देऊ नकोस. बसलेली असताना किती, खोकताना किती, रात्री किती, असे वेगळे दे. आणि त्या दुखण्यामुळे काय बंद पडलंय ते जरूर सांग. "वेणी घालता येत नाही, उजव्या कुशीवर झोपता येत नाही" हे वाक्य डॉक्टरांना आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं.

एक गोष्ट घरीच करून बघ. कापसाची बारीक वात कर. डोळे मिटून बस आणि मुलीला ती वात चिऱ्याच्या आजूबाजूला हलकेच फिरवायला सांग. कुठे काहीच कळत नाही, कुठे नुसत्या वातीने आग होते, ते तू सांग आणि तिने बॉलपेनने कातडीवर खुणा करायच्या. बधिर जागेची एक सीमा तयार होईल. फोनवर त्याचा फोटो काढून ठेव. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच कर. सीमा आत सरकली असेल तर नस सावरतेय. असे नकाशे वॉर्डात आम्ही कागदावर काढायचो, आणि डॉक्टर ते आवर्जून बघायचे.

औषधांचं जरा सावकाश वाच. पॅरासिटामॉल साधं वाटतं, पण वेळेवर घेतलं तर कामाचं आहे. मात्र सर्दीच्या गोळीत, पाठदुखीच्या गोळीत, ट्रामाडोलच्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागे बघितल्याशिवाय दोन गोळ्या एकत्र घेऊ नकोस. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही टोकाची मर्यादा, आणि वजन कमी असेल किंवा लिव्हरची तक्रार असेल तर त्याहूनही कमी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या गोळ्या केमिस्टकडून आणून स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. त्या पोट आणि किडनी दुखावतात, आणि तुला केमो झालेली आहे. केमोतली काही औषधं किडनीवर आधीच भार टाकून गेलेली असतात.

नसेच्या दुखण्यावर प्रीगाबालिन, गाबापेंटिन, किंवा रात्रीची अमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, नाहीतर ड्युलॉक्सेटिन देतात. चिठ्ठी वाचून केमिस्ट म्हणेल, "ही तर फिट्सची गोळी" किंवा "ही डिप्रेशनची." त्याने दचकू नकोस. तीच औषधं नसेला शांत करतात, म्हणून ती दिलेली असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत गुंगी येते, डोकं जड होतं, तोंडाला कोरड पडते. बायका तेवढ्यावर गोळी सोडून देतात आणि म्हणतात, "काही उपयोग झाला नाही." थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि पुरेशा मात्रेत काही आठवडे घेतल्याशिवाय निकाल कळत नाही. सगळ्यांना एकच गोळी लागू पडते असंही नाही. एक नाही लागली तर डॉक्टर दुसरी बघतात. रात्री बाथरूमला उठताना मात्र आधी पलंगाच्या कडेला बस, पाय खाली सोड, मिनिटभर थांब, मग उभी राहा. या गोळ्यांवर पडण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत, आणि बरगडीच्या जखमेवर पडणं फार वाईट. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंदही करायची नाही, पायरीपायरीने कमी करायची. ट्रामाडोल आणि मनाची गोळी दोन्ही चालू असतील तर दोन्हींची पाकिटं प्रत्येक डॉक्टरांना दाखव, त्यांचं एकमेकींशी नेहमीच पटत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं आणि कुंथताना चिऱ्यावर ताण येतो. इसबगोल, भरपूर पाणी, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरांकडून रेचक.

गोळ्यांच्या पलीकडेही बरंच आहे. लिग्नोकेनचा पट्टा अखंड कातडीवर 12 तास लावून 12 तास काढायचा असतो. बरगडीच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन ती बधिर करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. हे सगळं पेन क्लिनिकमध्ये मिळतं, म्हणून सर्जनना स्पष्ट विचार, "मला पेन क्लिनिकला पाठवाल का?" सर्जनचं काम गाठ काढण्याचं, आणि ते त्यांनी नीट केलं. दुखण्याचा तज्ज्ञ वेगळा असतो, बहुधा भूलतज्ज्ञच त्यात पुढे शिकलेला. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये वेदनेसाठी वेगळी ओपीडी आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र 1997 पासून चालतं आणि तिथे पैसे घेत नाहीत. दारावर पॅलिएटिव्ह लिहिलेलं बघून माणसं मागे फिरतात, त्यांना वाटतं इथे शेवटचेच लोक येतात. दुखणं कमी करून घ्यायला शेवट यावा लागत नाही. आणि फार तीव्र दुखण्यात कुणी मॉर्फिन सुचवलं तर तो शब्द ऐकून रडू नकोस. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे आपल्याकडे ते मिळणंच अवघड झालं होतं, 2014 मध्ये दुरुस्ती करून रुग्णांसाठी नियम सैल केले. तुझ्यासारख्या दुखण्याला ते सहसा लागत नाही, पण गरज पडली तर देखरेखीखाली घ्यायला हरकत नाही.

खांद्याकडे लक्ष दे, शैला. याबद्दल मी तुझ्या मागे लागणार आहे. दुखतं म्हणून हात अंगाशी धरून ठेवायचा, एका बाजूला कलून चालायचं, अशी सवय लागली की काही महिन्यांत खांदा आखडतो आणि एका दुखण्याची दोन होतात. भिंतीला सामोरी उभी राहा, उजव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीच्या चालीने वर ने, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तारीख घाल. दर आठवड्याला खूण थोडी वर गेली पाहिजे. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी घे, म्हणजे व्यायाम नीट होतो. फळीवरचे डबे तूर्त खाली आणून ठेव, कळशी डाव्या हाताने, कणीक मळायला दुसऱ्या कुणाला लाव. पण कपडे वाळत घालायचं काम सोडू नकोस. आधी हातरुमाल, मग ब्लाउज, मग टॉवेल. चादरी काही महिन्यांनी. हा उत्तम व्यायाम आहे आणि घरात कुणी त्याला व्यायाम म्हणून हिणवतही नाही. वेणी स्वतःची स्वतः घालता आली, पाठीमागचा हूक लावता आला, की समज खांदा परत आला. एसटीत किंवा लोकलमध्ये वरचा दांडा मात्र डाव्या हाताने धर.

श्वासाचंही तसंच. दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, मग कफ साठतो, मग खोकला, आणि खोकल्याने पुन्हा दुखतं. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र कपाटात टाकू नकोस. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की छोटी उशी चिऱ्यावर घट्ट दाबून धर. माझ्या पेशंटांना मी उशी प्रवासातही बरोबर न्यायला सांगायची, रिक्षाच्या खड्ड्यांतही ती कामाला येते. मोटारीतला पट्टा टोचत असेल तर खाली मऊ टॉवेलची घडी घाल, पट्टा काढू नकोस. कपालभाती, भस्त्रिका सध्या नको, सर्जनना विचारल्याशिवाय तर नाहीच. संथ, खोल श्वास पुरेसा आहे.

कपड्यांची युक्ती मला फलटणकडच्या एका नऊवारी नेसणाऱ्या बाईंनी दाखवली. त्यांनी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची दुहेरी घडी ब्लाउजच्या आत चिऱ्यावर ठेवली होती आणि आतला पोलका उलटा घातला होता, शिवण बाहेर. शिवणीची कडच दुखऱ्या कातडीला सगळ्यात जास्त टोचते. मी पुढे कितीजणींना ते सांगितलं. पुरुषांनी बनियन उलटं घालावं. तू पुढून हूक असलेले, सैल, सुती ब्लाउज शिवून घे. ब्राचा पट्टा चिऱ्यावर येत असेल तर काही महिने मऊ सुती स्लिप वापर. जखम पूर्ण भरल्यावर कातडीला स्पर्शाची सवयही लावायची असते: आधी कापूस, तो सोसला की मलमल, मग टॉवेल, रोज थोडा वेळ. पहिल्यांदा नको वाटतं, पण कातडी हळूहळू मानते.

बधिर जागेवर शेक घेताना फार जपायला हवं. रबरी पिशवी तिथे पोळली तरी तुला कळणार नाही, कळेल तेव्हा फोड आलेला असेल. शेक घ्यायचाच तर आधी डाव्या हाताच्या मनगटावर पिशवी लावून बघ, टॉवेलमध्ये गुंडाळ आणि थोड्या वेळाने काढ. गावाकडून कुणी बिब्बा लावायला किंवा डाग द्यायला सांगेल. साफ नाही म्हण. बिब्ब्याने चिघळलेल्या जखमा मी स्वतः धुतल्या आहेत. हाडवैद्याकडून बरगडी बसवून घेणं तर नकोच. हलक्या हाताने तेल लावायला काही हरकत नाही.

झोपताना डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली एक उशी, पाठीशी एक. नातवाला डाव्या मांडीवर घे. घरात कुणी "आता झाली की बरी" म्हणालं तर रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस. सांग की जखम बरी झाली, नस अजून नाही. बहुतेकांचा त्रास पहिल्या वर्षभरात कमी होत जातो, काहींचा थोडा उरतो. मन फार खचलं, झोप उडाली, तर तेही त्याच कागदावर लिही. खचलेल्या मनाने दुखणं वाढतं, त्यावरही इलाज आहेत.

एक सावधगिरी मात्र या सगळ्याच्या वरची. प्रत्येक दुखणं चिऱ्याचंच आहे असं धरून चालू नकोस. मधे बरं वाटून पुन्हा नव्याने सुरू झालेलं, दिवसेंदिवस वाढत जाणारं, नव्या जागी आलेलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा त्याबरोबर वजन उतरणं, थुंकीत रक्त, दम वाढणं, असं काहीही असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. बहुतेक वेळा स्कॅनमध्ये काही निघत नाही, पण बघून घ्यायला हवं. पाठीत दुखून पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. एकाएकी छातीत दुखून धाप लागली, घाम फुटला, एका पायाची पोटरी सुजली, तर 108 ला फोन करून थेट तातडीच्या विभागात जा. छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसालाही हार्ट अटॅक येऊ शकतो, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकू शकते.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तो कागद आणि नकाशाचा फोटो बरोबर ने, आणि डॉक्टरांनी कसं काय विचारलं की "बरं आहे" म्हणायच्या आधी कागद त्यांच्या हातात दे.